कुलूप, किल्ली आणि संशय

डॅन ब्राउन या अमेरिकन लेखकाची 'द दा विंची कोड' ही कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. पुढे तिचा मराठी अनुवाद आला आणि ती आपल्याकडच्या ग्रंथालयांतही पोहोचली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातील एका वृद्ध अधिकाऱ्याचा खून होतो. मरता मरता तो जमिनीवर काही आकडे आणि शब्द लिहून ठेवतो. हार्वर्ड विद्यापीठातील एक प्राध्यापक आणि त्या वृद्धाची नात मिळून एकेका खुणेचा अर्थ लावत जातात. आकड्यांतून शब्द, शब्दांतून चित्र, चित्रामागून पेटी आणि पेटीतून पुन्हा नवे कोडे. शेवटी येशू ख्रिस्तांच्या आयुष्याविषयी चर्चने शतकानुशतके दडवलेले गुपित आपल्यापुढे ठेवले आहे, असा लेखकाचा आव असतो. कादंबरी एकदा हातात घेतली की खाली ठेववत नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे.

उर्दू माध्यमातून शिकलेल्या आमच्या पिढीला रहस्यकथा काही नवीन नाही. इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' १९५२ साली अलाहाबादहून सुरू झाली आणि कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद ही नावे विदर्भातल्या उर्दू घरांतही पोहोचली. मराठीत बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड होतेच. पण त्या रहस्यकथा आणि ही कादंबरी यांत एक मोठा फरक आहे. तिथे आधी ज्याच्यावर संशय येतो तो पुष्कळदा निर्दोष निघतो. शेवटच्या पानावर गुन्हेगार सापडतो आणि वाचक निर्धास्त होऊन दिवा मालवतो. इथे पुस्तक मिटले तरी संशय मिटत नाही, तो वाचकाबरोबर राहतो. लिओनार्दोचे 'शेवटचे भोजन' हे चित्र पूर्वी पाहिलेले असले तरी आता डोळे त्यात काहीतरी वेगळेच शोधू लागतात.

म्हणून या कादंबरीच्या निमित्ताने आम्हाला एक प्रश्न मांडावासा वाटतो. उघडपणे सांगितलेल्या गोष्टीपेक्षा दडवलेली गोष्ट अधिक खरी असते, असे माणसाला का वाटते? आणि तसे वाटण्याची किंमत कोणाला मोजावी लागते?

कादंबरीच्या सुरुवातीलाच एक पान आहे. 'प्रायरी ऑफ सायन' ही गुप्त संघटना १०९९ साली स्थापन झाली, ती खरी आहे आणि तिचे कागद पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात सापडले आहेत, असे त्यावर ठासून सांगितले आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. या नावाची संघटना पियेर प्लांतार नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १९५६ साली नोंदवली. १९६० नंतरच्या दशकात त्याने आणि त्याच्या साथीदारांनी बनावट वंशावळ्या तयार करून त्या ग्रंथालयात जमा केल्या. म्हणजे कागद तिथे 'सापडले' हे खरे, पण ते सापडावेत म्हणूनच तिथे ठेवलेले होते.

हे कळल्यावर भोळ्या वाचकाचा विश्वास उडायला हवा. तसे नेहमी होत नाही, कारण अशा कथांच्या तर्कात एक सोय करून ठेवलेली असते. पुरावा मिळाला तर गोष्ट सिद्ध झाली, आणि मिळाला नाही तर तो दडवला गेला, म्हणजेही गोष्ट सिद्धच झाली. नाकारणारा माणूस कटात सामील ठरतो आणि गप्प बसणारा तर अधिकच. २००६ साली या कादंबरीवरचा चित्रपट आला तेव्हा ख्रिस्ती समाजाचे मन दुखावले. मुंबईत निदर्शने झाली, गोव्यासह काही राज्यांनी चित्रपटावर बंदी घातली. तामिळनाडूतली बंदी पुढे मद्रास उच्च न्यायालयाने रद्द केली. दुखावलेल्यांचे दुःख आम्ही समजू शकतो. पण संशयी माणसाच्या हिशेबात बंदी हाही पुरावाच असतो. काहीतरी असल्याशिवाय का झाकतील, असे तो म्हणतो.

न्यायालयात आरोपीला संशयाचा फायदा मिळतो. गुप्त खुणांच्या कथेत तो फायदा आरोप करणाऱ्याला मिळतो. गोष्ट पुस्तकात आहे तोवर हा खेळ आहे. हीच सवय शेजारच्या माणसाकडे पाहताना लागली तर तिला खेळ म्हणता येणार नाही.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरात डोकावलेले बरे. अरबी मुळाक्षरांना अबजद पद्धतीने अंक दिलेले आहेत. अलिफचा एक, बेचे दोन, जीमचे तीन, दालचे चार. या हिशेबाने 'बिस्मिल्लाह'च्या अक्षरांची बेरीज ७८६ होते. हा आकडा ट्रकच्या कपाळावर असतो, दुकानाच्या वहीवर असतो, आणि 'दीवार' या १९७५ च्या चित्रपटातल्या बिल्ल्यामुळे तो ज्यांना अलिफ-बे येत नाही त्यांच्याही ओळखीचा झाला. जुने शायर याच पद्धतीने एखाद्या ओळीत इमारतीचे किंवा मृत्यूचे साल गुंफत. यात गूढ काही नाही. अक्षरांची किंमत मदरशातल्या मुलालाही पाठ असते. कोणीही बेरीज करावी आणि तेच उत्तर काढावे.

गूढाचा मोह त्यापुढे सुरू होतो. मूळचे इजिप्तचे आणि अमेरिकेत स्थायिक झालेले रसायनशास्त्रज्ञ रशाद खलिफा यांनी संगणकाच्या मदतीने कुराणातील अक्षरे मोजली आणि १९७४ साली जाहीर केले की संपूर्ण ग्रंथाची रचना १९ या आकड्यावर बेतलेली आहे. सुरुवातीला अनेकांना याचा अभिमान वाटला. पुढे सूरह तौबातील शेवटच्या दोन आयती या हिशेबात बसेनात, तेव्हा खलिफा यांनी हिशेब सोडला नाही, त्या दोन आयतीच बाजूला काढल्या. १९९० साली अमेरिकेतच त्यांचा खून झाला. मतभेदाला सुऱ्याने उत्तर देणे हा गुन्हाच होता, त्याचे समर्थन कोणत्याही शब्दांत होऊ शकत नाही. तरीही त्यांच्या पद्धतीतला दोष आपण ओळखला पाहिजे. संकेत शोधणारा माणूस संकेताच्या इतका प्रेमात पडतो की शेवटी ग्रंथच संकेताला आड येऊ लागतो.

याच कुराणातील २९ सूरांच्या आरंभी 'अलिफ लाम मीम' यांसारखी सुटी अक्षरे आहेत. त्यांचा अर्थ काय, यावर पुष्कळ लिहिले गेले. पण 'याचा अर्थ अल्लाहलाच ठाऊक' असे म्हणून पुढे जाणारे भाष्यकारही मोठ्या संख्येने होते. चौदाशे वर्षे लोक ती अक्षरे आदराने वाचत आहेत. जे वाचता येते पण उलगडत नाही, त्याच्याविषयी वाईट कल्पना न करता त्याच्याजवळ बसता येते, हे आम्हाला या अक्षरांनी शिकवले.

मग खरोखरच सांकेतिक असलेले लेखन वाचायचे कसे? नवव्या शतकात बगदादचे विद्वान अल-किंदी यांनी याची रीत लिहून ठेवली आहे. ज्या भाषेतला मजकूर आहे त्या भाषेचे साधे लेखन घ्या आणि कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजा. मग सांकेतिक मजकुरातली चिन्हे मोजा आणि दोन्ही ताडून पाहा. आम्ही कधी कधी रिकाम्या तासाला मुलांना असे कोडे घालतो. त्याचा नियम एकच असतो. तुझी किल्ली शेजारच्या मुलाच्या हातात दे, त्यालाही तेच वाक्य मिळाले तर ती खरी. ज्याची त्यालाच लागू पडणारी किल्ली ही किल्ली नव्हे. डॅन ब्राउन यांच्या कादंबरीतील सगळी कुलपे उघडतात, कारण कुलूपही लेखकाचे आणि किल्लीही लेखकाचीच.

आता खऱ्या कुलपाची गोष्ट सांगतो. त्यासाठी पॅरिसला जायची गरज नाही, ती आपल्या वऱ्हाडातलीच आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी या भागात फिरले. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातील मेहकर आणि लोणार ही गावे त्यांच्या भ्रमंतीत येतात. त्यांच्या आठवणी म्हाइंभटांनी लोकांकडे जाऊन, विचारून, पारखून गोळा केल्या. तो 'लीळाचरित्र' हा ग्रंथ आज मराठी गद्याचा पाया मानला जातो. या महानुभाव पंथाने धर्मविचार मराठीत सांगण्याचा आग्रह धरला. पंथाचे पहिले आचार्य नागदेव यांनी विद्वान शिष्यांना संस्कृतात लिहू नका असे बजावले, कारण मग पंथातल्या म्हाताऱ्या बायांना काही कळणार नाही.

आणि याच पंथाने पुढे आपल्या पोथ्या सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. चौदाव्या शतकात रवळोबासांनी 'सकळ' लिपी तयार केली. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, अशी तिची साधारण पद्धत. पुढे सुंदरी, अंक, वज्र अशा कितीतरी लिप्या झाल्या. याची दोन कारणे सांगितली जातात. एक, पवित्र वचने पंथाबाहेरच्यांच्या हाती पडून त्यांची अवहेलना होऊ नये. दुसरे, दिल्लीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथ्या हरवल्याची पंथाची परंपरा आणि त्यातून आलेली धास्ती. हे दुसरे कारणही आम्ही इथे मुद्दाम नोंदवतो. सुलतानांच्या स्वाऱ्यांत सामान्य माणसाने काय सोसले ते सांगायला मुसलमान लेखकाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

परिणाम काय झाला? ज्या म्हाताऱ्या बायांसाठी मराठीचा हट्ट धरला, त्यांच्याच गावातल्या इतर लोकांना ती मराठी पाचशे-सहाशे वर्षे वाचता आली नाही. वाचता येत नाही म्हटल्यावर कल्पना सुरू झाल्या. हे काळे वस्त्र का घालतात, पोथीत काय लिहितात, कोणापासून लपवतात? महानुभावांना लोक 'मानभाव' म्हणत. त्या शब्दावरून मराठीत 'मानभावी' हे विशेषण रूढ झाले. अर्थ काय? वरवर साधा आणि आतून लबाड. हा शब्द आपण आजही सहज वापरतो आणि त्यात एका अख्ख्या पंथाविषयीचा संशय गोठून राहिला आहे, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी या लिपीची उकल केली. वि. ल. भावे यांनी आपल्या 'महाराष्ट्र सारस्वत'मधून या वाङ्मयाची ओळख करून दिली. पंथातल्या काही महंतांनी विश्वासाने पोथ्या अभ्यासकांपुढे ठेवल्या. पुढच्या पिढीत ज्यांनी आयुष्य या कामाला वाहिले, त्यांत डॉ. वि. भि. कोलते होते. त्यांचा जन्म १९०८ साली आमच्याच जिल्ह्यातील मलकापूर तालुक्यात, नरवेल या गावी झाला. त्यांनी संपादित केलेले 'लीळाचरित्र' राज्य शासनाच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केले. आता रिद्धपूरला, जिथे या पंथाचे गुरुस्थान आहे, मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे.

कुलूप उघडल्यावर आत निघाले काय? कट नव्हता, खजिना नव्हता, कोणाच्या वंशाचे गुपितही नव्हते. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाची समजूत कशी काढली, महदाइसेने किती प्रश्न विचारले आणि तिला किती आपुलकीने उत्तरे मिळाली, बाईला मासिक पाळीमुळे विटाळ मानू नये हे त्यांनी कसे समजावले, अशा लहान लहान आठवणी निघाल्या. शतकानुशतके लोकांनी ज्या पेटीत साप असल्याची खात्री बाळगली, तिच्यात जुने, धुतलेले, नीट घडी घातलेले कपडे निघावेत, तसे झाले.

इथे कोणी म्हणेल की चूक महानुभावांचीच, त्यांनी लपवले म्हणून लोकांनी संशय घेतला. आम्हाला हे अर्धेच पटते. आपल्याला जे प्रिय आहे ते घराच्या आतल्या खोलीत ठेवण्याचा हक्क माणसाला असतो. दार बंद आहे एवढ्यावरून आत पाप चालले आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. मात्र दार फार काळ बंद ठेवले तर आतल्या माणसांचाही तोटा होतो, हेही खरे. त्यांचे चांगलेपण बाहेर जात नाही आणि त्यांची नावे बाहेरचे लोक ठरवतात. लपवणाऱ्याची ही चूक व्यवहाराची झाली. न वाचता ठरवून टाकणाऱ्याची चूक नीतीची आहे. दोन्ही एकाच तराजूत घालू नयेत.

हे सारे सांगण्याचे कारण आमच्या रोजच्या कामात आहे. आम्ही जी लिपी फळ्यावर लिहितो ती उजवीकडून डावीकडे जाते. आमच्या भोवतालच्या बहुसंख्य लोकांना ती वाचता येत नाही. खरे तर ती कोणी लपवलेली नाही. तिची अक्षरे बाजारात मिळणाऱ्या कायद्यात छापलेली असतात. पण न येणारी लिपी आणि गुप्त लिपी यांतला फरक संशयी डोळ्यांना दिसत नाही. उर्दूत लिहिलेला साधा कागद, मग ती लग्नपत्रिका असो की औषधाची चिठ्ठी, काही लोकांना संकेतासारखा दिसतो.

शेजारच्या अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या फलकाचे उदाहरण घ्या. फलकावर वर मराठी आणि त्याखाली उर्दू होते. त्या गावात पालिकेच्या फलकावर उर्दू १९५६ पासून वापरात असल्याचे परिषदेचे म्हणणे होते. त्याला हरकत घेण्यात आली. प्रकरण २०२० मध्ये परिषदेत आले, मग जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ असे करत दिल्लीला गेले. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने उर्दू फलक राहू शकतो, असा निर्णय दिला. भाषा म्हणजे धर्म नव्हे, ती लोकांची असते, आणि पालिकेने स्थानिक रहिवाशांना समजेल अशा भाषेत बोलण्यात काही गैर नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. पाच वर्षे ज्या ओळीवर वाद चालला, ती ओळ सांगत काय होती? वर मराठीत जे लिहिले होते तेच. गावातल्या कोणत्याही उर्दू शाळेतल्या दुसरीच्या मुलाने ती वाचून दाखवली असती.

मग आम्ही काय करावे? प्रत्येक वेळी आपली वही उघडून, पाहा यात काही नाही, असे सांगत फिरावे का? आमचे मत तसे नाही. निर्दोष माणसाने आपला निर्दोषपणा दारोदार सिद्ध करत जाणे हा त्याचाही अपमान आहे आणि समाजाचाही. वाचण्याची पहिली जबाबदारी ज्याला शंका आहे त्याची. अक्षरे शिकायला महिना-दोन महिने लागतात, आणि तेवढाही वेळ नसेल तर ज्याला येतात त्याला विचारायला एक मिनिट पुरते.

पण आमच्या वाट्याचे कामही आहे आणि ते आम्ही टाळू नये. आपली लिपी हे आपले घर आहे, तिचे कुलूप होऊ देऊ नये. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळांत ती त्याआधीपासूनच शिकवली जाते. आमच्या वर्गातले मूल एका तासाला उजवीकडून लिहिते आणि दुसऱ्या तासाला डावीकडून. त्याला याचे ओझे वाटत नाही, ओझे मोठ्यांना वाटते. मराठीचा पेपर पास होण्यापुरता ठेवावा, हा आपल्यातल्या काही पालकांचा विचार आम्हाला घातक वाटतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद मराठीत बोलले. जन्माने मुसलमान असलेल्या शहामुनींनी 'सिद्धान्तबोध' मराठीत लिहिला, आणि त्यांच्या विचारांवर महानुभाव पंथाची छाया असल्याचे अभ्यासक सांगतात. बाहेरचे लोक ज्या पंथाकडे संशयाने पाहत होते, त्याच्या दारात जाऊन या माणसाने तो समजून घेतला. आपल्या घरातले सुख-दुःख, आपल्या सणांतली गंमत, आपल्यातली भांडणे आणि आपल्यातले दोषसुद्धा आपण मराठीत सांगितले, तर आपल्याविषयी कादंबरी रचण्याचे काम दुसऱ्या कोणाला करावे लागणार नाही.

गंमत अशी की मराठीतला 'कुलूप' हा शब्दच अरबीतल्या 'कुफ्ल'वरून आलेला आहे. कागद, दौत, शाई, दफ्तर, लिफाफा हे शब्दही अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. ज्या भाषेने आपल्या कुलपालाच शेजाऱ्याचा शब्द लावला, तिच्या बोलणाऱ्यांनी त्या शेजाऱ्याच्या अक्षरांना बिचकण्याचे कारण काय?

'द दा विंची कोड' जरूर वाचावी. रात्र जागून वाचावी. फक्त वाचून झाल्यावर तिची सवय घेऊन बाहेर पडू नये. जगात खरोखरचे कट असतात, बनावट कागद असतात, सत्ता पुष्कळ गोष्टी दडपते, हे आम्ही नाकारत नाही. ते शोधणारे पत्रकार आणि संशोधक आपल्याला हवेतच. पण ते आपली किल्ली सर्वांपुढे ठेवतात आणि म्हणतात, तुम्हीही फिरवून पाहा. जो माणूस फक्त कुजबुजतो आणि किल्ली मात्र खिशातच ठेवतो, त्याच्याकडून एखाद्या समाजाची, पंथाची किंवा शेजाऱ्याची हकीकत आपण ऐकू नये. त्यापेक्षा त्या शेजाऱ्याच्या भिंतीवर काय लिहिले आहे, ते त्यालाच विचारावे. तो वाचून दाखवील, आणि बहुधा चहालाही बसवील.